काट्यावर वजन ठीक, तरी पोट सुटलेलं: लठ्ठपणा रोजच्या दिवसात कुठून शिरतो

एक सुतळी घ्या. अनवाणी उभं राहून टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीइतकी मोजा आणि कापा. ती मधोमध दुमडा. आता सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, साधारण बेंबीच्या थोडं वर, ती पोटाभोवती फिरवा. श्वास सहज सोडलेला हवा, पोट आत ओढायचं नाही. दोन्ही टोकं जुळली तर ठीक. मध्ये फट राहिली तर वजनकाटा काहीही सांगत असो, पोटात गरजेपेक्षा जास्त चरबी साठली आहे असं धरून चालावं.

सुरुवात सुतळीपासून करायचं कारण असं की आपल्याकडे वजनाचा आकडा फार फसवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रियांचं प्रमाण २४ टक्के निघालं. पण ८० सेंटिमीटरहून जास्त पोटाचा घेर असलेल्या स्त्रिया ४० टक्क्यांच्या घरात होत्या. म्हणजे कितीतरी जणी काट्यावर 'नॉर्मल' आणि सुतळीवर लठ्ठ. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो.

हा घोटाळा जगाला दाखवून दिला तो पुण्याने. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा हा फरक जन्मापासूनच असल्याचं दिसलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. हातपाय काटकुळे आणि अंगात चरबी, असा हा 'बारीक-लठ्ठ' बांधा.

याचा परिणाम मोठेपणी भोगावा लागतो. जादा ऊर्जा कातडीखाली साठवायची आपली जागा लवकर भरते. मग चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात शिरते. तिथं ती नुसती पडून राहत नाही, इन्सुलिनच्या कामात आडवी येते. म्हणून साठ किलोच्या सडपातळ माणसालाही फॅटी लिव्हर आणि मधुमेह होतो. आणि म्हणूनच भारतीयांसाठी पट्टी कडक आहे: बीएमआय २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा, घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत. पाश्चात्त्य तक्त्यात लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. इंटरनेटवरचा तो तक्ता बघून निश्चिंत होणाऱ्यांची आम्हाला खरी काळजी वाटते.

चोवीस कॅलरींचा एक किलो

बहुतेकांना वाटतं, वजन लग्नाच्या पंगतीत आणि दिवाळीच्या फराळात वाढतं. चार दिवसांचं जेवण शरीर बऱ्यापैकी पचवून टाकतं. वाढ होते ती रोजच्या, ध्यानातही न येणाऱ्या फरकामुळे.

एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी, म्हणून रोज १०० कॅलरी जास्त खाल्ल्या तर वर्षाला पावणेपाच किलो आणि दहा वर्षांत ४७ किलो, असा हिशेब सगळीकडे सांगतात. तो चुकीचा आहे. वजन वाढलं की ते मोठं शरीर चालवायलाच जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे वाढ मंदावत जाऊन एका जागी थांबते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि सहकारी यांनी २०११ मध्ये यावर नेमका आडाखा दिला: रोजच्या खाण्यात कायमचा सुमारे २४ कॅलरींचा फरक पडला की अखेरीस एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. वाढीला हे लागू आहे, तसंच उतरण्यालाही.

हे माप घेऊन चहाकडे पाहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर. चमच्यात ५ ग्रॅम धरली तर ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. भागिले २४, जवळजवळ साडेसहा किलो. नुसत्या साखरेचे. दूध अजून मोजलेलं नाही, सोबतची चार ग्लुकोज बिस्किटंही नाहीत (त्यांच्या आणखी शंभरेक कॅलरी). बाकी काहीही न बदलता चमचे दोनाचे एक केले, तर तीन वर्षांत तीन किलोंच्या आसपास उतरायला हरकत नाही. चहा सोडायची गरज नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलं की महिनाभरात जीभ सरावते. एकदम बंद केलेली साखर मात्र आठवड्याने परत येते.

तेलाच्या कॅनवर तारीख लिहा

साखरेबद्दल सगळेच बोलतात. पण मराठी घरात खरा दडलेला हिशेब तेलाचा आहे. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, साखर किंवा पिठाच्या दुपटीहून जास्त. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला. म्हणजे माणशी रोज ५४ ग्रॅम, जवळपास ४८५ कॅलरी. वर्षाला १२ किलोच्या आत राहावं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस सांगितली जाते.

आपल्या घरी किती लागतं? हे विचारलं की 'आम्ही कमीच वापरतो' असंच उत्तर येतं, कारण पळीने ओतलेलं तेल कुणी मोजत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. नवा कॅन उघडला की त्यावर स्केचपेनने तारीख लिहायची. पाच लिटरचा कॅन चार माणसांत एका महिन्यात संपला, तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. बाहेरचा वडा, भजी, फरसाण यात धरलेलंच नाही. तोच कॅन दोन महिने पुरवला तर माणशी १९ ग्रॅम होतात, साधारण चार छोटे चमचे. दोन्हींतला फरक १७० कॅलरींचा.

एवढं तेल जातं कुठं? तळणात जातंच, पण रोजचा मोठा वाटा भाजीच्या फोडणीत आणि पोळीवर असतो. कढई पातळ असली की भाजी तळाला लागते, म्हणून बाई आणखी तेल ओततात. जाड बुडाची कढई आणि झाकणावर पाणी ठेवून वाफवलेली भाजी, एवढ्यानेच तेल निम्म्यावर येतं. ओतायला पळीऐवजी छोटा चमचा ठेवायचा आणि तो बरणीतच राहू द्यायचा. वांगं आणि बटाटा तेल पितात, ते आधी वाफवून किंवा भाजून घ्यायचे. शेंगदाण्याचं कूट आणि ओलं खोबरं यांतही चरबी असते हे विसरून चालत नाही. ज्या भाजीत भरपूर कूट आहे तिच्यात वर तर्री कशाला?

आणखी एक गोष्ट, तेल बदलून वजन कमी होत नाही. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, घाण्याचं, रिफाइंड, ऑलिव्ह: हृदयाच्या दृष्टीने त्यांच्यात फरक आहेत, कॅलरी मात्र सगळ्यांच्या सारख्या.

ताटाबाहेरचं खाणं

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबं एकूण खर्चापैकी साडेदहा टक्क्यांहून थोडं जास्त पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर खर्च करताना दिसली. धान्यावरच्या खर्चापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. ज्वारी-गव्हाच्या घरांतला हा मोठा पालट आहे.

पाकिटातलं खाणं जास्त का खाल्लं जातं, याचं उत्तर केविन हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात सापडतं. वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं अन्न दिलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, चोथा, मीठ सारखंच मांडलेलं. मुभा एकच होती: हवं तितकं खा. पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत ९०० ग्रॅमने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. चव दोन्हींची सारखीच आवडली होती. फरक होता खाण्याच्या वेगात. मऊ, कुरकुरीत, तोंडात विरघळणारं अन्न चावावं लागत नाही, आणि पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायच्या आत ताट रिकामं होतं.

भाकरी चावावी लागते. मोडाची उसळ चावावी लागते. शेव मुठीने तोंडात जाते, आणि ५० ग्रॅम शेवेत पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. गोड पेयांचं तर विचारूच नका: २५० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, पाच छोटे चमचे, आणि ती पिऊन जेवणातला एक घासही कमी होत नाही. 'शंभर टक्के फळांचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यातल्या रसाची गतही फार वेगळी नाही.

पाकीट घेताना पुढची बाजू वाचूच नये. मागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट. साखर वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते: इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, गूळ. आकडे '१०० ग्रॅममध्ये' या रकान्यात बघायचे, 'एका सर्व्हिंगमध्ये' या नव्हे, कारण सर्व्हिंग ३० ग्रॅमची आणि पाकीट १२० ग्रॅमचं असतं आणि पाकीट उघडल्यावर संपतंच.

उपवासाचंही इथंच सांगायला हवं. एक मोठी बशी साबुदाणा खिचडी म्हणजे ६० ग्रॅम साबुदाणा (२१० कॅलरी), ३० ग्रॅम कूट (१७०) आणि दोन छोटे चमचे तूप (८०). झाल्या ४६०, वर बटाटा. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाच. दोन तासांत भूक परत लागते. श्रद्धेने उपवास करायचाच तर वरीचे तांदूळ, राजगिरा, दही, ताक, फळं आणि थोडे शेंगदाणे यांवर तो चांगला होतो.

शरीर बसलं की भूक कमी होत नाही

'काम कमी तर खाणं आपोआप कमी होईल', हे तर्काला धरून वाटतं. ते खरं नाही, आणि हे सिद्ध झालं आपल्याच देशात. १९५६ मध्ये आहारतज्ज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार, काम आणि वजन यांचा मेळ घातला. हलक्यापासून अवजड कामापर्यंत, जसं काम वाढलं तसं खाणं वाढलं आणि वजन सारखंच राहिलं. पण दिवसभर बसून राहणारे दुकानदार, कारकून आणि देखरेख करणारे मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षाही जास्त खात होते, आणि सर्वांत जाड होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो.

आज हिंजवडीच्या ऑफिसातला, ठाण्याहून घरूनच काम करणारा आणि गावातल्या दुकानात गल्ल्यावर बसलेला, तिघेही त्या कारकुनाच्याच रांगेत आहेत. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची आठवड्याला १५० मिनिटंसुद्धा मध्यम जोराची हालचाल होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. घरकाम हाच बाईचा व्यायाम, असं म्हणणाऱ्यांनी पाटा-वरवंटा आणि धुणं बडवण्याचा काळ जाऊन किती वर्षं झाली ते पाहावं. आज घरकाम वेळ तेवढाच खातं, पण अंगाला घाम आणत नाही, आणि फिरायला जायची मोकळीक मात्र हिरावून घेतं.

जिममधल्या तासापेक्षा उरलेल्या पंधरा तासांत काय होतं हे जास्त महत्त्वाचं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात सोळा जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी ३६० ग्रॅमने वाढली, कुणाची सव्वाचार किलोने. फरक पडला तो उठबस, येरझारा, चुळबूळ अशा व्यायाम म्हणून न केलेल्या हालचालींमुळे. दाराशी येणारी रिक्षा, लिफ्ट, मोबाइलवरून मागवलेली कोथिंबीर यांनी नेमक्या याच हालचाली काढून घेतल्या. स्टेशनपर्यंत एक किलोमीटर जाऊन-येऊन चालणारा माणूस गाडीने जाऊ लागला, तर रोज बसल्यापेक्षा जास्त खर्च होणाऱ्या सत्तरेक कॅलरी वाचतात. भागिले २४, तीन किलो.

नुसतं उभं राहून मात्र फार काही साधत नाही. बसण्यापेक्षा उभं राहण्यात तासाला नऊच कॅलरी जास्त जातात. महागडं उभं टेबल घेण्यापेक्षा फोनवर बोलताना चालावं, पाण्याची बाटली छोटी ठेवावी म्हणजे भरायला उठावं लागतं, आणि दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली करावी. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखरही कमी चढते.

चालण्याने स्नायू मात्र फारसे वाढत नाहीत, आणि आपली मूळ उणीव स्नायूंचीच. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम हवेतच: हात न लावता खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकवून दहा दंड, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या डोक्यावर दहा वेळा उचलणं. प्रत्येकाचे तीन फेरे, वीस मिनिटांत होतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्यायची. सोबत प्रथिनंही लागतात. दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी किंवा पेलाभर दूध प्रत्येकी सहा-सात ग्रॅम देतं, एक अंडं सहा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा, रात्री भात-आमटीचं पाणी, या दिवसात पन्नासचा आकडा गाठला जात नाही. पोह्यांत मूठभर मोडाची मटकी, दुपारी दही, रात्री उसळ किंवा मासळी आली की तो गाठता येतो.

अपुरी झोप, उशिराचं जेवण

शिकागोतल्या एका प्रयोगात तरुण, निरोगी पुरुषांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं. खावंसं वाटू लागलं ते गोड आणि खारट. उलट २०२२ मध्ये, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० वजनदार लोकांची झोप सव्वा तासाने वाढवली, तर आहाराबद्दल एक शब्द न सांगता त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. रात्री बाराला मोबाइल बघत चिवडा खाणाऱ्याला आधी झोपेची वेळ बदलायला सांगावं. चिवड्याचं मग आपोआप कमी होतं. रात्रपाळीवाल्यांना हा सल्ला तसाच लागू होत नाही. त्यांनी मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी उरकावं, मध्यरात्री ताक, फळ, फुटाणे इतकंच ठेवावं आणि घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोपावं.

कुठं बिनसतं

महिन्यात आठ किलो उतरवणारे 'प्लॅन' आधी पाणी आणि स्नायू उतरवतात. खाणं पूर्ववत झालं की परत येते ती चरबी. ज्यांच्याकडे मुळात स्नायू कमी, त्यांना हा सौदा फार महागात पडतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्याआधी बघावं. रोज बघितलं तर मिठाच्या जेवणाने चढलेलं किलोभर पाणी उगाच धीर खचवतं.

महिना-दीड महिना सगळं नीट करूनही काटा हलत नाही, असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी सुतळी काढावी. स्नायू वाढत असताना चरबी घटली की वजन तेच राहतं आणि फट मिटत जाते. फटही तशीच असेल तर तेलाच्या कॅनवरची तारीख पुन्हा पाहावी. आणि खाण्यापिण्यात काही बदल नसताना दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो वाढले, पाळी अनियमित झाली, थंडी सहन होईना, मान-काखेतली कातडी काळी व जाडसर झाली, झोपेत घोरताना श्वास अडखळू लागला किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील, तर घरचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर), यकृताच्या आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या करून घ्याव्यात.